‘याकुझा झीरो’: एवढ्याशा भूखंडासाठी पेटलेलं शहर

‘याकुझा झीरो’ या जपानी गुंडटोळ्यांवरच्या व्हिडिओ गेममधली सगळी मारामारी एका रिकाम्या जागेवरून होते. जागा म्हणजे केवढी, तर चारी बाजूंनी इमारती आणि मधे अडकलेला एक तुकडा. तिथे टेम्पोसुद्धा धड वळायचा नाही. पण भोवतीचा सगळा पट्टा पाडून नवा उभारायचा मोठा प्रकल्प आहे आणि त्यातला हा एवढाच तुकडा हाती आलेला नाही. मालक कोण, ते कोणालाच माहीत नाही. मग टोळीचा मुखिया आपल्या तीन हस्तकांना सांगतो, जो ही जागा आणेल त्याला बढती.

मी फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात टायटल सर्चचं काम करते. प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू, वारस नोंदी, जुनी खरेदीखतं हे सगळं चाळून ‘ही जागा नक्की कोणाची’ एवढं एका कागदावर लिहून द्यायचं. त्यामुळे गुंडांच्या खेळात पहिल्याच तासाला ‘मालक सापडत नाही’ हे ऐकलं आणि मी रिमोट बाजूला ठेवून नीट बसले. जमिनीच्या मालकीवर रहस्यकथा उभी करता येते, हे मला रोजच्या कामातून माहीत होतं. खेळवाल्यांनाही ते माहीत आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

खेळ सेगा या जपानी कंपनीचा. जपानात मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि ४ वर आला, बाहेरच्या देशांत जानेवारी २०१७ मध्ये आणि पीसीवर ऑगस्ट २०१८ मध्ये. मालिका २००५ पासूनची, पण हा भाग सगळ्याच्या आधीची गोष्ट सांगतो. म्हणून आधीचं काहीच खेळलेलं नसलं तरी इथूनच सुरुवात करा. माझ्या भावाने तिसऱ्याच भागापासून सुरू केलं आणि कोण कोणाचा काय लागतो हे विचारत बसला.

काळ आहे डिसेंबर १९८८. तोक्योतलं कामुरोचो आणि ओसाकातलं सोतेनबोरी असे दोन भाग. नावं बदललेली, पण शिंजुकूमधलं काबुकिचो आणि ओसाकातलं दोतोनबोरी समोर ठेवूनच ते बांधलेत. आपण दोघांच्या भूमिकेतून खेळतो. काझुमा किर्यू हा वीस वर्षांचा, टोळीत नुकताच पाय रोवणारा. तो त्या रिकाम्या जागेत एका माणसाला वसुलीसाठी चोपतो, आणि नंतर बातमी येते की त्याच जागी त्या माणसाचं प्रेत सापडलं, गोळी घातलेलं. दुसरा गोरो माजिमा, एका डोळ्यावर पट्टी, ओसाकात एक मोठा कॅबरे चालवतो. चालवतो म्हणजे त्याला तिथे डांबून ठेवलंय. शहरात कुठेही गेला तरी त्याच्यावर नजर आहे. दोन-दोन प्रकरणं एकाची, मग दोन दुसऱ्याची, असं करत सतरा प्रकरणं होतात.

माजिमाचा प्रवेश बघाच. कॅबरेत एक गिऱ्हाईक एका मुलीवर हात टाकतं, आरडाओरडा करतं, मॅनेजरला बोलवा म्हणतं. माजिमा टक्सिडो घालून येतो, वाकून नमस्कार करतो. ते गिऱ्हाईक ठोसे मारतं आणि हा प्रत्येक ठोसा चुकवतो, आवाज न चढवता, उलटा हात न उगारता. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आधी घाबरलेली, मग गप्प, मग टाळ्या वाजवायला लागतात. शेवटी ते गिऱ्हाईक पार नमलेलं असतं. तोवर आपल्याला कळतं की हा माणूस किती धोकादायक आहे आणि त्याने स्वतःला किती बांधून ठेवलंय. मारामारीच्या खेळात नायकाची ओळख मारामारी न करता करून द्यायची, याला लिहिणाऱ्याचं धाडस लागतं.

खलनायकही तितकेच कमावलेले. ते तीन हस्तक आहेत कुझे, आवानो आणि शिबुसावा. त्यातला कुझे जुना बॉक्सर. सुरुवातीलाच किर्यूकडून हरतो, त्याची शिक्षा म्हणून बोट कापून घ्यावं लागतं, आणि तरी पुन्हा पुन्हा समोर येतो. चौथ्यांदा तो दिसला तेव्हा मला राग आला नाही, आदर वाटला. हरण्याची लाज न बाळगणारा माणूस खलनायक म्हणून फार भारी पडतो.

आता जमिनीबद्दल, कारण खेळाचा कणा तोच आहे. १९८५ मध्ये डॉलर उतरवण्यासाठी बड्या देशांनी प्लाझा करार केला, त्यानंतर येन महाग झाला, निर्यात अडचणीत आली, म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत उतरवत २.५ टक्क्यांवर आणला. स्वस्त कर्ज जमिनीत आणि शेअरमध्ये गेलं. जमीन तारण ठेवून कर्ज काढायचं, त्या कर्जातून आणखी जमीन घ्यायची, भाव वाढले की त्याच जमिनीवर आणखी कर्ज. पण जुन्या घरांत, दुकानांत भाडेकरू बसलेले, आणि जपानी कायद्यात भाडेकरूला सहज उठवता येत नाही. कोर्टात वर्षं जातात. म्हणून बिल्डर मधल्या माणसांना कामाला लावायचे आणि त्यांच्यामागे गुंड असायचे. दारात कचरा टाकायचा, रात्री दारं ठोठवायची, शेवटी धमकी. हा धंदाच होता तेव्हा.

हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठलेली भाडी, पागडीच्या खोल्या, खोलीचं भाडं महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी आणि खालची जमीन मात्र सोन्याची. मी लालबागची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या आणि गिरण्यांच्या जमिनीला भाव आला, ते सगळं आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून बाबा आणि शेजारचे काका आजही बोलतात. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. तो विषय निघाला की काका आवाज खाली आणतात. त्यामुळे खेळात टोळीची मंडळी सुटाबुटात बसून नकाशावर बोट ठेवून ‘एवढा तुकडा राहिलाय’ म्हणतात, तेव्हा ते मला परदेशातलं वाटलंच नाही.

आणि हा काळ उतरणीच्या तोंडावरचा आहे. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, ३८,९१५ वर बंद झाला. तेच शिखर, पुढे घसरगुंडी. म्हणजे पडद्यावरची माणसं ज्या पैशासाठी एकमेकांचे गळे कापताहेत, तो पैसा वर्षभरात वितळायला लागणार आहे. त्यांना ते ठाऊक नाही, आपल्याला आहे. खेळ हे बोलून दाखवत नाही आणि तेच बरोबर आहे.

पैसा तर इथे अक्षरशः उडतो. कोणाला ठोसा हाणला की त्याच्या अंगातून नोटा उधळतात. अंगावर आलेल्या टपोऱ्यांपासून सुटायचं असेल तर हवेत नोटा फेकायच्या, ते वेचायला धावतात आणि आपण निघून जायचं. नवा डाव शिकायचा तरी पैसेच मोजायचे, अनुभवाचे गुण वगैरे भानगड नाही. रस्त्यात मिस्टर शेकडाउन नावाचा एक अगडबंब माणूस फिरत असतो. त्याच्या हाती सापडलात आणि हरलात, तर खिशातला सगळा पैसा गेला. मी रात्री उशिरा, डोळे मिटायला आलेले असताना, टेलिफोन बूथकडे धावत होते आणि तो कोपऱ्यावर उभा. पुढे त्याला हरवून पैसे परत मिळवता येतात, पण त्या क्षणी खरोखर पोटात गोळा येतो.

टेलिफोन बूथ का, तर खेळ जतन करायची सोय तिथेच. मोबाइल नसलेल्या काळाला हे शोभतं, मान्य. पण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ‘आता बंद करायचं’ म्हटल्यावर बंद करता आलं पाहिजे. कथेचे मोठे तुकडे चालू असताना बूथपर्यंत जाताच येत नाही. पहिल्या दोन प्रकरणांत तर वीस-वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. संवाद जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं, त्यामुळे जेवता जेवता खेळण्यातला हा खेळ नाही. आवाज मात्र इतके उत्तम आहेत की मला दुसऱ्या भाषेत ऐकायचाच नाही. २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच २ या खेळयंत्रावर आलेल्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये इंग्रजी आवाज आणि नवे प्रसंग घातलेत. पहिल्यांदा खेळणाऱ्याने जुनीच आवृत्ती घ्यावी असं मी सांगेन.

याला ओपन वर्ल्ड, म्हणजे शहरात हवं तिथे फिरता येणारा खेळ म्हणतात, पण मैलोन् मैल पसरलेल्या अमेरिकी खेळांच्या सवयीने आलात तर चक्रावाल. इथे गाडी चोरता येत नाही, चालवताही येत नाही. रस्त्यावरच्या साध्या माणसाला मारता येत नाही. अख्खं कामुरोचो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही मिनिटांत पळत ओलांडता येतं, फार तर टॅक्सी करायची. मला खेळाची सर्वांत मोठी ताकद हीच वाटते. नकाशा लहान, त्यामुळे तो पाठ होतो. कुठल्या वळणावर रामेनचं दुकान, कुठे औषधाचं, कोणती गल्ली मागून फुटते, हे चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत पायांना कळतं. गल्ली ओळखीची झाली की तिच्यावर संकट आलं हे आपल्याला लागतं. शंभर किलोमीटरच्या नकाशावर एक इमारत पाडली तर कोण बघतंय?

दुसरी ताकद आडकथा. दोघांच्या मिळून शंभर आहेत. एका लहान मुलाचा नवाकोरा व्हिडिओ गेम कोणीतरी हिसकावून नेतं. किर्यू त्या चोराला गाठतो, तर त्याच्याकडूनही तो कोणीतरी पळवलेला असतो, त्याच्याकडूनही आणखी कोणीतरी. ही साखळी कुठे जाऊन थांबते ते सांगत नाही, पण ती थांबते तेव्हा किर्यू जे बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. तो या सगळ्या माणसांकडे तितक्याच गांभीर्याने बघतो. मुखियाशी बोलताना जो चेहरा, तोच या पोराशी बोलताना. पुढे यातली काही माणसं त्याच्या जमीन खरेदीच्या धंद्यात कामाला येतात. बोलिंगमध्ये ओळीने तीन स्ट्राइक मारले की बक्षीस म्हणून नगेट नावाची कोंबडी मिळते आणि तिलाही दुकानांची व्यवस्थापक नेमता येतं. माझ्याकडे ती शेवटपर्यंत कामावर होती.

पण या आडकथा दिसायला मात्र गरीब आहेत. मुख्य कथेत चेहऱ्यावरची सुरकुती दिसते, आडकथेत बाहुल्या उभ्या आणि खाली मजकूर. आवाज नाही, नुसते हुंकार. मजकूर चांगला आहे म्हणून निभावतं.

आता ज्यावर माझी खरी तक्रार आहे ते. किर्यूला बाजूचा एक मोठा उद्योग दिलाय. कामुरोचोतल्या जागा विकत घ्यायच्या, त्यांवर व्यवस्थापक आणि रखवालदार नेमायचे, वसुली करायची आणि पाच धनदांडग्यांना एकेक करून उठवायचं. पैसा प्रचंड मिळतो, एवढा की नंतर लढाईत काही अर्थ उरत नाही. पण वसुलीची वेळ भरेपर्यंत खरोखरची मिनिटं मोजत बसायचं. मी रिमोट ठेवून भाजी निवडून घेत असे. कंटाळा एकवेळ चालेल. मुद्दा वेगळा आहे. मुख्य कथा ओरडून सांगते की जमिनीच्या मागे लागलं की खालची माणसं चिरडली जातात. आणि या बाजूच्या उद्योगात खालची माणसंच नाहीत. दुकानात जायचं, रोख मोजायची, जागा आपली. भाडेकरू नाही, वारस नाही, कोणाची हरकत नाही, एकही कागद नाही. ज्या खेळाने एका तुकड्याचा मालक शोधायला सतरा प्रकरणं घेतली, त्याने शेजारच्या गल्लीतल्या डझनावारी मिळकती अशा सुपारी फोडावी तशा हातात द्याव्यात, हे मला पटलं नाही. एक हट्टी म्हातारी जरी ‘मी उठणार नाही’ म्हणून बसली असती आणि किर्यूला तिथे हात चोळत परत यावं लागलं असतं, तरी दोन्ही बाजू जुळल्या असत्या.

माजिमाचा कॅबरे क्लबचा उद्योग याच्या दसपट चांगला. डबघाईला आलेला एक दुसराच क्लब हातात घ्यायचा, तीन मिनिटांची एक रात्र, कुठलं गिऱ्हाईक कोणत्या मुलीकडे बसवायचं ते ठरवायचं. मुलगी हाताने खूण करते. बर्फ हवाय, टॉवेल हवाय, की ॲशट्रे बदलायची. खूण ओळखली की गिऱ्हाईक खूश. बघता बघता मला त्या खुणा पाठ झाल्या. शिवाय माणसं सांभाळायचं काम म्हणजे काय, ते त्यातून कळतं. दमलेल्या मुलीला पुढे रेटलं तर सगळी रात्र बिघडते.

पण बायकांच्या बाबतीत हा खेळ दोन तोंडांनी बोलतो. क्लबमधल्या मुलींना नावं आहेत, स्वभाव आहेत, त्यांच्याशी माजिमा अदबीने वागतो. आणि त्याच शहरात बायकांच्या कुस्तीवर पैसे लावायचा अड्डा आहे, खऱ्या मॉडेलचे व्हिडिओ बघायची खोली आहे, अनोळखी बायकांशी फोनवर गप्पा मारायचा टेलिफोन क्लब आहे. १९८८ च्या काबुकिचोत हे सगळं होतंच, हे मला कळतं. पण दाखवणं आणि बक्षीस म्हणून गोळा करायला लावणं यात फरक आहे, आणि खेळ दुसरं करतो. मुख्य कथेतल्या मोठ्या स्त्री पात्राबद्दलही तेच. ती मला फार आवडली, तिच्या वाटेला आलेले काही प्रसंग बघताना घशात आवंढा आला, पण निर्णय बहुतेक वेळा पुरुषच घेतात आणि ती एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेली जाते. शेवटी शेवटी ती स्वतः एक पाऊल उचलते. ते आधी हवं होतं.

आणखी एक खटकलं. १९८८ च्या शरदापासून सम्राट हिरोहितो आजारी होते आणि ७ जानेवारी १९८९ ला गेले. त्या महिन्यांत जपानभर उत्सव आवरते घेतले होते, जाहिरातीसुद्धा सौम्य केल्या होत्या. तो दबलेला सूर मला खेळात कुठे दिसला नाही. इतकं बारीक काळ उभा करणाऱ्यांनी हे कसं सोडलं, कोण जाणे.

लढाईबद्दल थोडक्यात. दोघांना मूळ तीन-तीन शैली. किर्यूची ‘बीस्ट’ म्हणजे हाताला येईल ते उचलून हाणायचं, सायकल, फलक, खुर्ची. माजिमाची ‘ब्रेकर’ नाचाच्या चालीची आणि ‘स्लगर’ बॅटची. पहिले दहा तास मजा, मग तेच ते. दहा पावलं चाललं की कोणीतरी अडवतो. दुकानात निघालेल्या माणसाला तीनदा मारामारी करायला लावणं हा वेळकाढूपणा आहे. अरुंद खोलीत कॅमेरा भिंतीत अडकतो. मोठ्या लढतींत मात्र संगीत आणि नावाची पाटी अशी झळकते की थकवा विसरायला होतो.

बाकी करमणूक अमाप. कराओके, डिस्को, छोट्या मोटारींची शर्यत, माहजोंग, शोगी, सेगाच्या आर्केडमध्ये ‘आउटरन’ आणि ‘स्पेस हॅरिअर’ हे खरे जुने खेळ. माझ्या भावाने त्या छोट्या मोटारीच्या टायरवर इतकं डोकं लावलं की आईने त्याला जेवायला हाक मारायचं सोडून दिलं.

घ्यावा का? घ्यावा, सवलतीत तर नक्की घ्यावा. जुना खेळ आहे, साध्या लॅपटॉपवरही बरा चालतो. मुख्य कथा तीसेक तासांत होते, सगळं करायला बसलात तर शंभराच्या पुढे. माझं ऐकाल तर पहिल्या फेरीत जमिनीचा उद्योग अर्धाच करा, पैशापुरता. कॅबरे क्लब पूर्ण करा. आडकथा रस्त्यात भेटतील तशा घ्या, यादी समोर ठेवून संपवू नका. सतराव्या प्रकरणात शिरण्याआधी औषधं भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशीच रात्र निवडा, मधे थांबवत नाही. काही राहिलं म्हणून जीव टांगणीला लावू नका. शेवट झाल्यावर ‘प्रीमियम ॲडव्हेंचर’ उघडतं, त्यात दोन्ही शहरांत मनसोक्त फिरता येतं आणि उरलेलं सगळं तेव्हा करता येतं.